वाळवंटाला प्रतिध्वनी नसतो

वाङ्मयेतिहास लिहिताना 'पहिले पुस्तक' ही मोठी सोयीची खूण असते. प्रकाशनाचे साल सापडले की लेखकाचा आरंभ सापडला, असे आपण मानतो. या समजुतीला छेद देणारे एक उदाहरण आम्हांस साहित्याबाहेर, संगीताच्या इतिहासात आढळले. साहित्याच्या अभ्यासकांनाही ते उपयोगी पडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

'यॉनिंग मॅन' हा वाद्यवृंद दक्षिण कॅलिफोर्नियातील कोचेला खोऱ्यात 1986 साली जमला. त्याचा पहिला अल्बम, 'रॉक फॉर्मेशन्स', निघाला तो 2005 साली. मधली एकोणीस वर्षे हे संगीत नव्हते असे नाही. ते होते, पण वाळवंटात होते. गावाबाहेर मोकळ्या जागी जनरेटर न्यायचा, त्यावर अॅम्प्लिफायर चालवायचे आणि जमलेल्या तरुणांपुढे रात्रभर वाजवायचे, असा तिथला प्रघात होता. तिकीटखिडकी नाही, रंगमंच नाही, पडदा पाडण्याची वेळ नाही.

याच मैफलींतून 'कायस' हा दुसरा वाद्यवृंद पुढे आला. त्याचा पहिला अल्बम, 'रेच', 1991 साली निघाला आणि फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. 1992 च्या 'ब्लूज फॉर द रेड सन'ने मात्र त्याचे नाव झाले. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा उतरवून लावायच्या, तिचा आवाज बेसच्या अॅम्प्लिफायरमधून काढायचा आणि एकच जड स्वरवाक्य घोळवत राहायचे, ही त्याची रीत. अशा संगीताला पुढे 'स्टोनर रॉक' हे नाव चिकटले. ते नशेवरून पडलेले आहे, भूमीवरून नव्हे. 1995 साली कायसने आपल्या शेवटच्या अल्बममध्ये यॉनिंग मॅनची 'कॅटामरान' ही रचना वाजवली. म्हणजे ज्यांची रचना, त्यांचा अल्बम येण्याच्या दहा वर्षे आधी ती दुसऱ्यांच्या अल्बममधून जगाने ऐकली. निव्वळ सालांवर विसंबणारा इतिहासकार येथे गुरूला शिष्याचा अनुयायी ठरवून मोकळा होईल!

आता 'रॉक फॉर्मेशन्स'कडे वळू. शीर्षकात उघड श्लेष आहे: खडकांचे आकार आणि रॉक संगीताचे आकारही. अल्बममध्ये गायन नाही. गॅरी आर्से यांची गिटार स्वच्छ आणि लांबवर घुमणारी. मारिओ लाली यांचा बेस नुसता ठेका न धरता स्वतःची चाल गातो. अल्फ्रेडो हर्नांडेझ यांचे ड्रम कुठेही घाई करीत नाहीत. कायसचा जडपणा येथे नाही. 'वाळवंट' हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही, आणि तरी ऐकणारा म्हणतो, हे वाळवंट आहे. का म्हणतो?

बहुतेकांचे उत्तर असते: त्या घुमण्यामुळे. हे उत्तर तपासून पाहण्याची सोय आमच्या गावात आहे. औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, वेरूळला जावे आणि दहाव्या लेण्यात, विश्वकर्मा चैत्यात, एक स्वर लावावा. कमानदार पाषाणी छत तो स्वर कितीतरी वेळ धरून ठेवते. मग उन्हाळ्यात पैठणच्या वाटेवरील एखाद्या उघड्या माळावर तोच स्वर लावावा. तो तोंडातून निघतो आणि जातो. परत येत नाही. नाद घुमण्यासाठी भिंत लागते. सपाट, उघड्या वाळवंटाला प्रतिध्वनी नसतो. तेव्हा गिटारचे ते घुमणे वाळवंटाने दिलेले नाही, यंत्राने दिलेले आहे. विस्ताराचा भास निर्माण करणारा तो एक संकेत आहे. विश्वकर्मा लेण्याच्या छतावर लाकडी वाशांचा भास दगडात कोरला आहे, म्हणून लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. तशातलाच हा प्रकार.

मग वाळवंटाने काही दिलेच नाही काय? दिले, पण चित्र दिले नाही, रचना दिली. जिथे कार्यक्रम संपण्याची वेळ ठरलेली नाही, तिथे स्वरवाक्याला सावकाश उलगडण्याची मुभा मिळते. जिथे गायकाकडे डोळे लावून बसलेले सभागृह नाही, तिथे गायकावाचून भागते. या अल्बममधला प्रदेश घुमण्यात नाही. तो या सावकाशीत आणि निःशब्दतेत आहे.

मराठवाड्यातील लेखनाची समीक्षा वाचताना आम्हांस हा भेद वारंवार आठवतो. येथील पुस्तक हाती आले की समीक्षक त्यात दुष्काळ, भेगाळलेली जमीन, करपलेले पीक शोधू लागतो, आणि ते सापडले की 'मातीचा गंध' असे प्रमाणपत्र देऊन टाकतो. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (1971) घ्या. एका शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको पारबती आपल्या बोलीत सांगते. तेथे प्रदेश निसर्गवर्णनात नाही. कोण बोलते आहे आणि कोणत्या भाषेत, यात तो आहे. कादंबरीतून पारबतीचे निवेदन काढून तीच कथा प्रमाणभाषेत तटस्थपणे सांगा आणि हवी तितकी करपलेली शेते घाला. मराठवाडा उरणार नाही.

ही केवळ शब्दांची काटछाट नव्हे. प्रदेश म्हणजे देखावा असे एकदा ठरले की नवा लेखक देखावे पुरवू लागतो. जे मागितले जाते ते तो लिहितो, आणि त्याची स्वतःची बोलण्याची लय मागे पडते. असे विद्यार्थी आम्ही वर्गात पाहिले आहेत. त्यांच्या कथांत दुष्काळ असतो, पण त्यांच्या आजीचे एकही वाक्य नसते.

असो. यॉनिंग मॅनला एकोणीस वर्षे कोणी अल्बम मागितला नाही, हे त्यांचे दुर्दैव खरेच. पण वाळवंटही कोणी मागितले नाही, म्हणून ते त्यांच्या वाजवण्यात उरले.