हिवऱ्याच्या औषधी बागेचे कूळ

जुन्नर तालुक्यातल्या हिवऱ्याला एके काळी सरकारी बाग होती. सोनामुखी, खुरासानी ओवा अशा औषधी वनस्पती तिथे लावत आणि तयार माल मुंबई इलाख्याच्या सरकारी औषधभांडारात जाई. विलायतेहून औषध यायचे म्हणजे महिनोन्‌महिने जहाजात. पोचेपर्यंत त्याचा गुण उतरलेला. तेच इथल्या मातीत पिकवले तर ताजे मिळेल आणि स्वस्त पडेल, हा हिशेब अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरचा.

गिब्सन 1800 साली स्कॉटलंडमध्ये जन्मला, एडिंबरोला वैद्यक शिकला आणि कंपनी सरकारच्या नोकरीत इकडे आला. बागेच्या आधी त्याच्याकडे दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचण्याचे काम होते. मला या बागेचे खरे मूळ तिथेच दिसते. त्या काळी लस एका दंडावरून दुसऱ्या दंडावर जाई. एका मुलाला टोचायचे, आठवड्याने फोड टपोरा भरला की त्यातला द्रव सुईच्या टोकावर घ्यायचा आणि पुढच्या मुलाला टोचायचे. मध्ये खंड पडला की लस संपली. म्हणून टोचलेले मूलच कडेवर घेऊन पुढचे गाव गाठावे लागे. ज्या आजारापुढे लोक देवी म्हणून हात जोडत, त्यावर परक्याची सुई, तीही दुसऱ्याच्या लेकराच्या फोडात बुडवलेली! आईचा जीव त्याला सहजी कसा तयार होणार? गावकऱ्यांच्या बोलीत बोलल्याशिवाय हे काम पुढे सरकत नसे. गिब्सन इथल्या भाषा शिकला, पाड्या-वस्त्यांवर फिरला आणि त्या फिरण्यातच इथल्या वनस्पती त्याच्या ओळखीच्या झाल्या.

1838 मध्ये त्याला दापोडीची वनस्पतिबाग मिळाली. ती जागा मूळची कॅप्टन फोर्डची. फोर्डने पेशव्यांसाठी कवायती पलटण उभारली होती. 1817 च्या खडकीच्या लढाईत तो तीच पलटण घेऊन इंग्रजांकडून लढला. पुढे गव्हर्नर माल्कमच्या काळात त्याचा बंगला सरकारने घेतला आणि तिथे बाग झाली. हिवऱ्याची बाग ही तिची जोडबाग. दापोडीतल्या वनस्पतींची गिब्सनने काढून घेतलेली पावणेदोनशेच्या आसपास जलरंगचित्रे आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात आहेत. निकोल डॅल्झेलबरोबर लिहिलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1861 मध्ये निघाला.

पायी फिरणाऱ्या या डॉक्टरच्या नजरेला आणखी एक गोष्ट पडली. डोंगर उघडा झाला की खालचा ओढा आटतो. मुंबईच्या गोदीला आणि बांधकामाला लाकूड लागत होते, घाटमाथा आणि कोकण बोडके होत चालले होते. गिब्सनने सरकारला वारंवार लिहिले. 1847 मध्ये मुंबई इलाख्याने त्यालाच पहिला वनसंरक्षक नेमले. मद्रासकडे 1856 मध्ये ही जागा मिळालेला क्लेगहॉर्नही डॉक्टरच. साऱ्या हिंदुस्थानचे जंगल खाते झाले ते 1864 मध्ये.

इथे मात्र मला गिब्सनची बाजू पुरती घेता येत नाही. डोंगरउतारावर झाडोरा जाळून नाचणी-वरई करणाऱ्यांकडे तो जंगलाचे नुकसान करणारे म्हणूनच पाही. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातले महादेव कोळी तेव्हा सावकारी पाशाने आधीच जेरीला आले होते. सावकार आणि इंग्रजांविरुद्ध उठाव करणाऱ्या त्यांच्या राघोजी भांगरेला 1848 मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पोटाला अन्न देणारी ती जमीन कायद्याच्या कुंपणात गेली, ती 1878 च्या जंगल कायद्याने अधिकच. ज्याने आयांची समजूत काढत गावे पालथी घातली, त्याने रान राखताना तिथल्या माणसांना विचारात घ्यायला हवे होते.

याच पट्ट्यात आज आदिवासी कुटुंबे बाळहिरडा गोळा करतात. कोवळी फळे झाडावरून काढायची, अंगणात पसरून वाळवायची, काळी कडक झाली की पोत्यात भरायची. हा माल औषधांसाठी जातो. वर्षाच्या रोख कमाईत त्याचा मोठा वाटा असतो आणि भाव पडला की मोर्चे निघतात. वनहक्क कायदा आला 2006 मध्ये; तेव्हापासून हिरड्यासारख्या वनोपजावरचा त्यांचा हक्क कागदावर आहे.