थांगहुलू
थांगहुलू हा उत्तर चीनमधील पारंपरिक गोड पदार्थ आहे. काडीत ओवलेल्या फळांवर साखरेच्या पाकाचे कडक, पारदर्शक आवरण चढवून तो तयार करतात. मूळ पदार्थात हॉथॉर्नची आंबट फळे असतात. आता स्ट्रॉबेरीही वापरतात.

घरगुती कृतीत दोन वाट्या साखर व एक वाटी पाणी सुमारे १५०° सेल्सियसपर्यंत उकळतात. उकळताना ढवळल्यास साखरेचे स्फटिक बनतात. पाकाचा थेंब थंड पाण्यात पडताच कडक होऊन कटकन मोडला, की पाक तयार झाला असे समजतात. फळे पूर्ण कोरडी नसल्यास आवरण नीट धरत नाही. ओलाव्याने ते चिकट होत असल्याने पदार्थ ताजाच खातात. हा पाक उकळत्या पाण्याहून तप्त असून त्वचेला चिकटतो. त्यामुळे भाजल्यास खोल जखम होऊ शकते.