‘ढ’ कोण ठरवतं? आकडे न जुळणाऱ्या लेकरांचा मराठवाडी इतिहास

आजचा भाग एका हिशोबाने सुरू करू. कॅल्क्युलेटर काढायचा नाही हं.

साल साधारण १९५०. तुम्ही नांदेडच्या बाजारात उभे आहात. धान्याचा भाव शेराला पावणेतीन आणे, आणि तुम्हाला पाहिजे अडीच शेर. किती झाले? उत्तर आहे सहा आणे साडेदहा पै. बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. आता यात अजून एक भर घाला. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला भारतात आलं, पण निजामाचा हाली सिक्का लोकांच्या खिशातून लगेच गेला नाही. काही वर्षं दोन्ही रुपये चालायचे, आणि सात हाली म्हणजे सहा भारतीय असा दर होता. म्हणजे एका भारतीय रुपयाला हालीतले एक रुपया, दोन आणे, आठ पै मोजायचे. हे सगळं तोंडी आणि दुकानदारासमोर!

ज्यांना हे जमायचं ते ‘हिशोबी माणूस’. ज्यांना नाही जमायचं त्यांना काय म्हणायचे? ‘ढ’. आजचा आपला विषय तोच. त्या ‘ढ’ म्हटलेल्यांपैकी काही जण अजिबात ढ नव्हते. त्यांना जे होतं त्याला आज डिस्कॅल्क्युलिया म्हणतात, आणि हे नाव आपल्याकडे यायला फार उशीर झाला.

आधी हे आहे काय ते बघू. ताटलीत चार लाडू दिसले की आपण ते मोजत नाही, चार आहेत हे नुसतं कळतं. संख्येची ही जाणीव आपल्यात जन्मापासून असते. डिस्कॅल्क्युलिया असलेल्यांची हीच जाणीव कच्ची असते. सात मोठे की नऊ, हेसुद्धा त्यांना क्षणभर थांबून ठरवावं लागतं. पाढा रात्री पाठ होतो आणि सकाळी गायब होतो. बोटं मोजणं मोठेपणीही सुटत नाही. याचा बुद्धीशी संबंध नाही. हेच लेकरू गोष्ट सुंदर सांगेल, चित्र काढेल, मोटर खोलून परत जोडेल. आणि ही गणिताची नुसती भीती पण नव्हे. भीती नंतर येते, बोलणी खाऊन खाऊन.

आता मागे जाऊ. जुन्या मराठी शाळेत गणित म्हणजे पाठांतर. साध्या पाढ्यांवर भागायचं नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी, हे सगळे अपूर्णांकांचे पाढे मुलं सुरात घोकायची. यात शहाणपण होतं, कारण बाजारच तसा होता. मगाचचा अडीच शेरांचा हिशोब अडीचकी येणाऱ्याने चुटकीसरशी केला असता. पण बघा, या पद्धतीत हुशारी मापायची पट्टी एकच होती: किती पटकन आणि किती तोंडपाठ. ज्याच्या डोक्यात आकडे टिकतच नाहीत, त्याला त्या शाळेत दुसरी जागा नव्हती. छडी खायची, नाहीतर शाळा सोडायची. शाळा सुटली की शेत, आणि शेतमालाचा हिशोब कायम दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा.

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. शंभर नव्या पैशांचा रुपया झाला, आणि पुढच्या काही वर्षांत शेर-मण जाऊन किलो-ग्रॅम आले. हिशोब खूपच सोपा झाला. पण भाषेतला एक गुंता तसाच राहिला.

हा गुंता आपल्याला दिसत नाही, कारण आपण त्यातच वाढलो. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी लिहायचा. ‘एकोणतीस’ तर कमालच! नाव घ्यायचं तिसाचं, लिहायचे दोन आणि नऊ, आणि त्या शब्दात ना दोन ऐकू येतो ना नऊ. आता आपल्याच सीमेवर जा. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू बोलणाऱ्या घरात पंचवीसला ‘इरवै ऐदु’ म्हणतात, म्हणजे वीस-पाच. उदगीर-निलंग्याच्या पलीकडे कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’, तेही वीस-पाच. जसं बोलायचं तसंच लिहायचं.

म्हणूनच २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची पद्धत आणली. गणित समितीच्या प्रमुख होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. जोडाक्षरांनी भरलेली संख्यानावं लहान मुलांना जड जातात आणि तिथूनच गणिताची नावड सुरू होते, असं त्यांचं म्हणणं होतं. मग काय झालं आठवतंय ना? मीम्स आले, विनोद झाले, विधानसभेत विषय निघाला. मराठी बुडाली अशी ओरड झाली. भाषेमुळे डिस्कॅल्क्युलिया होत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. तो तेलुगू घरातही असतो आणि कन्नड घरातही. पण ज्या लेकराचा पाय आधीच लटपटतोय, त्याच्या वाटेतला एक दगड उचलायचा तो प्रयत्न होता. त्या सगळ्या गोंधळात त्या लेकराबद्दल बोलणं राहूनच गेलं.

बरं, या अडचणीला नाव कधी मिळालं? साधारण शंभर वर्षांपूर्वी स्वीडनचे डॉक्टर सालोमन हेन्शेन यांनी मेंदूला इजा झाल्यावर हिशोब विसरणाऱ्या रुग्णांसाठी ‘अकॅल्क्युलिया’ हा शब्द वापरला. पण जन्मापासूनच असं असेल तर? १९७४ मध्ये तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातले मानसशास्त्रज्ञ लादिस्लाव कोश्च यांनी ‘डेव्हलपमेंटल डिस्कॅल्क्युलिया’ची व्याख्या मांडली. ब्रातिस्लाव्हा शहरातल्या शाळकरी मुलांना तपासलं तर शंभरात सहाच्या आसपास मुलांमध्ये त्यांना हे आढळलं. नंतरच्या अभ्यासांतही आकडा साधारण शंभरात तीन ते सात असाच येत राहिला. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात दोन ते चार. तुमच्या वर्गात पण होतेच की.

महाराष्ट्रात याची सरकारी दखल घेतली गेली १९९६ मध्ये. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना राज्याने परीक्षेत सवलती दिल्या. लेखी परीक्षेत जादा वेळ, आणि गणिताची अडचण असेल तर बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित आणि एक कार्यानुभवाचा विषय. देशात असं पाऊल टाकणाऱ्या पहिल्या राज्यांत आपण होतो. पण तपासणी कुठे व्हायची? मुंबईत, सायनसारख्या मोठ्या हॉस्पिटलच्या क्लिनिकमध्ये. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही त्याच वर्षी मुंबईतच सुरू झाली.

आणि त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? लातूर पॅटर्न! राजर्षी शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज, जादा तास, चाचणीवर चाचणी, आणि बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं. आधी दुष्काळ, मग १९९३ चा किल्लारीचा भूकंप सोसलेल्या भागाला या यादीने ताठ मान दिली. हे खरंच मोठं काम होतं. पुढे नांदेडही मेडिकलच्या तयारीचं केंद्र झालं, आणि आज गावोगावची पोरं या दोन शहरांत खोली करून राहतात. पण पट्टी पुन्हा तीच, नाही का? पंतोजींच्या शाळेत औटकी, नंतर गुणवत्ता यादी, आता नीटचे ७२० गुण. किती पटकन आणि किती अचूक. एकाच महाराष्ट्रात मुंबईच्या मुलाच्या हातात प्रमाणपत्र आलं, आणि आपल्या मुलाला अजून एक ट्यूशन लागली.

२००७ च्या ‘तारे जमीन पर’मुळे अक्षरांची अडचण घरोघरी कळली. आकड्यांची मागेच राहिली. शेवटी दिव्यांग हक्क कायदा, २०१६ आला. जुन्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, नव्यात एकवीस, आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेखाली डिस्कॅल्क्युलिया हे नाव थेट लिहिलेलं आहे. कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. २०१८ च्या नियमांप्रमाणे तिसरीत किंवा आठव्या वर्षी शाळेनेच प्राथमिक तपासणी करायची, मग तज्ज्ञांकडे पाठवायचं. प्रमाणपत्राची तपासणी चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा होते, आणि अठराव्या वर्षीचं कायम चालतं.

कागदावर हक्क असूनही भांडावं लागतं, हेही खरं. २०२१ मध्ये डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्याची अडचण असलेल्या एका विद्यार्थिनीला नीटमध्ये हक्काचा जादा तास मिळाला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं आणि परीक्षा घेणाऱ्या एजन्सीला तो दूर करायचा मार्ग काढायला सांगितलं.

परीक्षा तर एक दिवसाची असते, पण आकडे रोज भेटतात. ‘पावणेचारची गाडी’ म्हटल्यावर तीन पंचेचाळीस की चार पंधरा? दहाला दहा कमी असताना निघालो तर कधी पोहोचू? ओटीपी बघून टाकेपर्यंत दोन आकडे उलटे. मेसचा खर्च तिघांत वाटायचा म्हटलं की हसून विषय बदलायचा. क्यूआर कोडमुळे सुट्ट्या पैशांची कटकट गेली, हे या लोकांसाठी खरोखर वरदान आहे. पण पाचशेच्या जागी पाच हजार टाईप होण्याची धास्ती नवीन आली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लपवण्याची सवय. ज्याला लहानपणापासून आळशी म्हटलंय, तो मदत मागत नाही.

हे ऐकताना कुणाचा चेहरा डोळ्यासमोर आला असेल, तर दोन गोष्टी करा. त्याच्या शाळेत किंवा कॉलेजात ‘अध्ययन अक्षमतेची तपासणी’ हे शब्द वापरून विचारा, आणि जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात प्रमाणपत्राची चौकशी करा. आणि घरी? फोनमधलं कॅल्क्युलेटर वापरू द्या, घड्याळ डिजिटल लावा, वेळ सांगताना ‘पावणेचार’ऐवजी ‘तीन पंचेचाळीस’ म्हणा. चष्मा लावणाऱ्याला आपण डोळे ताणून वाच म्हणत नाही.

आणि हो, हा भाग त्या एका माणसाला पाठवा. सोबत काही लिहायची गरज नाही. पुढच्या भागात भेटू, तोवर काळजी घ्या!