महासंगणकांची स्पर्धा आणि पुण्याचा ‘परम’

इ. स. १९९० मध्ये देवास शहराला पिण्याचे पाणी आगगाडीने आणावे लागले. नर्मदेचे पाणी आधी इंदूरपर्यंत उचलायचे, तेथे ते टाक्यांच्या वाघिणींत भरायचे आणि लोहमार्गाने देवासला पोहोचवायचे, अशी ती व्यवस्था होती. ज्या पिढीने ती पाण्याची गाडी पाहिली, तिला तिचा विसर पडणे शक्य नाही. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील महासंगणकांच्या प्रदर्शनात पुण्याच्या अभियंत्यांनी घडविलेल्या एका यंत्राचा नमुना मांडला गेला. वरवर पाहता या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध दिसत नाही. तथापि ते यंत्र ज्या गरजेतून जन्माला आले, तिच्या मुळाशी मान्सूनच होता. म्हणून महासंगणकांच्या जागतिक स्पर्धेचा इतिहास हा माळव्यातील वाचकालाही परका वाटण्याचे कारण नाही.

पावसाचे गणित

पाऊस गणिताने वर्तविता येईल, ही कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. लुइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वातावरणाचे चौकटींमध्ये विभाजन करून प्रत्येक चौकटीतील दाब, वारा आणि आर्द्रता यांची समीकरणे सोडविण्याची रीत मांडली. हवामानाच्या वेगाने ही आकडेमोड करावयाची झाल्यास ६४,००० माणसे एका प्रचंड सभागृहात एकाच वेळी गणित करीत बसवावी लागतील, असा त्याचा अंदाज होता. सहा तासांच्या हवामानाचे त्याने स्वतः केलेले गणित पूर्ण होण्यास कित्येक आठवडे लागले, आणि उत्तरही साफ चुकले. मात्र रीत बरोबर होती. १९५० साली अमेरिकेतील ‘एनियाक’ या संगणकावर पहिले गणिती पूर्वानुमान यशस्वी झाले, तेव्हा त्याची प्रचीती आली.

या गणिताची भूक मोठी विलक्षण आहे. चौकटीची बाजू निम्मी केली, की तेवढ्याच भूभागावर चौपट चौकटी बसतात, आणि काळाची पायरीही निम्मी करावी लागते. म्हणजे अंदाज दुप्पट बारीक हवा असेल तर काम आठपट वाढते. पूर्वानुमान करणाऱ्यांना नेहमी सर्वांत वेगवान यंत्र हवे असते, ते यासाठी. परंतु हेच यंत्र अण्वस्त्रांच्या स्फोटाचे, क्षेपणास्त्रांच्या रचनेचे आणि गुप्तलिपी उकलण्याचे गणितही तितक्याच निर्विकारपणे करते. सीमूर क्रे यांच्या कंपनीचा पहिला महासंगणक ‘क्रे-१’ हा १९७६ साली लॉस अलामॉस येथील अण्वस्त्र प्रयोगशाळेत बसविण्यात आला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. महासंगणक ही क्रयवस्तू न राहता राजनीतीची वस्तू झाली, ती त्याच्या या दुहेरी स्वभावामुळे.

नकार

ऐंशीच्या दशकात हे यंत्र बनविणारे देश मोजकेच होते. अमेरिकेत क्रे ही कंपनी अग्रभागी होती, आणि जपानात एनईसी, फुजित्सू व हिताची या कंपन्या तिच्याशी टक्कर देऊ लागल्या होत्या. राजीव गांधी पंतप्रधान असताना भारताने अमेरिकेकडे ‘क्रे एक्स-एमपी २४’ या महासंगणकाची मागणी केली. वाटाघाटी दीर्घकाळ चालल्या. भारत त्याचा उपयोग अण्वस्त्रांसाठी करील आणि ते तंत्रज्ञान सोव्हिएत संघाच्या हाती पडेल, अशी अमेरिकेला शंका होती. अखेरीस १९८७ साली दिल्लीच्या हवामानकेंद्रासाठी ‘एक्स-एमपी १४’ हे त्याहून कमी क्षमतेचे यंत्र देण्याचे ठरले, तेही वापरावर देखरेखीच्या अटी घालून. पैसे मोजूनही आपल्याच घरातील यंत्र दुसऱ्याच्या संमतीने चालवायचे, हा अनुभव भारतीय शास्त्रज्ञांना बोचला.

या प्रसंगाचे वर्णन पुष्कळदा केवळ अपमान आणि त्याचे उत्तर असे केले जाते. ते पूर्णतः खरे नाही. भारतात समांतर संगणनाचे प्रयत्न त्याआधीच सुरू झालेले होते. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत ‘फ्लोसॉल्व्हर’ हे यंत्र १९८६ सालीच तयार झाले होते, आणि पुढे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘अनुपम’ ही मालिका उभी केली. नकाराने एवढेच केले, की विखुरलेल्या प्रयत्नांना निकड आणि राजाश्रय मिळाला.

गणेशखिंडीतील तीन वर्षे

मार्च १९८८ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच ‘सी-डॅक’, स्थापन केले. त्याचे कार्यालय गणेशखिंडीतील पुणे विद्यापीठाच्या परिसरात होते. केंद्राची धुरा डॉ. विजय भटकर यांच्याकडे सोपविण्यात आली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात १९४६ साली जन्मलेले भटकर नागपूर, बडोदा आणि दिल्ली येथे शिकून पुढे आले होते, आणि तिरुवनंतपुरम येथील इलेक्ट्रॉनिक्स संशोधनसंस्थेचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. मुदत तीन वर्षांची होती. खर्चाची मर्यादा चाळीस कोटी रुपयांच्या आतली होती. उद्दिष्ट होते सेकंदाला एक अब्ज गणनक्रिया.

क्रेची पद्धत अशी, की अत्यंत वेगवान असे एक-दोन प्रोसेसर बनवायचे आणि त्यांच्यातील उष्णतेशी झुंजायचे. ती विद्या भारतापाशी नव्हती. पुण्याच्या अभियंत्यांनी दुसरी वाट धरली. विहिरीवर एक प्रचंड मोट चालविण्याऐवजी शेकडो घागरी एकाच वेळी सोडाव्यात, तसा हा विचार होता. त्यासाठी त्यांनी ब्रिटनमधील ब्रिस्टल येथील इन्मॉस कंपनीचा ‘ट्रान्सप्यूटर’ हा प्रोसेसर निवडला. एका ट्रान्सप्यूटरला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे असत, त्यामुळे असे कित्येक प्रोसेसर जाळ्यासारखे गुंफता येत. एकेकट्याचा वेग सामान्यच होता. खरी कसोटी होती ती एका गणिताचे तुकडे पाडून प्रत्येकाला त्याचा वाटा देण्याची, कोणीही रिकामे बसणार नाही याची काळजी घेण्याची आणि उत्तरे पुन्हा जुळविण्याची. हे काम आज्ञावलीचे होते, आणि त्यासाठी लागणारी बुद्धी येथे मुबलक होती.

चौसष्ट प्रोसेसरांचा नमुना १९९० साली झुरिकला गेला, आणि १९९१ साली २५६ प्रोसेसरांपर्यंत वाढविता येणारा ‘परम ८०००’ देशापुढे आला. ‘परम’ हे समांतर यंत्र या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे संक्षिप्त रूप. संस्कृतातील अर्थही त्याला साजेसा निघाला. हे यंत्र परदेशांतही गेले, मॉस्कोतही बसविण्यात आले. जे विकत मिळत नव्हते ते येथे बनू लागताच ते न विकण्यात अर्थ उरला नाही, आणि निर्बंधांची धार पुढे बोथट होत गेली.

या केंद्राने केलेले आणखी एक काम ग्रंथालयाच्या वाचकाने अवश्य ध्यानात ठेवावे. कानपूरच्या आयआयटीत आरंभ झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुण्यात विकसित झाले, आणि देवनागरीसह भारतीय लिप्या संगणकाच्या पडद्यावर व छपाईत आल्या. नव्वदच्या दशकात मराठी अक्षरजुळणी खिळ्यांवरून संगणकावर आली, तिच्यामागे महासंगणक घडविणारेच केंद्र उभे होते.

स्वावलंबनाची मर्यादा

गौरवाच्या भरात एक गोष्ट सहसा झाकली जाते. ‘परम’ची रचना आणि आज्ञावली भारतीय होती, परंतु त्याचे हृदय ब्रिस्टलहून आलेले होते. इन्मॉस कंपनी मागे पडली तसे पुण्यालाही प्रोसेसर बदलावे लागले. पुढील यंत्रांत इंटेलचे, मग सनचे, आणि २००३ च्या ‘परम पद्म’मध्ये आयबीएमचे प्रोसेसर आले.

देवासच्या रहिवाशाला हे समजण्यास दूर जावे लागत नाही. १९७४ पासून येथील बँक नोट प्रेसमध्ये देशाचे चलन छापले जाते. तेथे शाईही बनते. मात्र मोठ्या मूल्याच्या नोटांचा कागद अनेक दशके परदेशातून येत असे. होशंगाबादच्या कारखान्यात त्या कागदाची नवी यंत्रणा सुरू झाली, ती २०१५ साली. छपाई आपली, शाई आपली, पण कागद परका, अशी ती स्थिती होती. म्हणून छपाईचे मोल उणे होत नाही. पण स्वावलंबन ही पायरीपायरीने चढण्याची वाट आहे, हे त्यातून उमगते.

क्रमांकांची शर्यत

१९९३ पासून जगातील पाचशे वेगवान संगणकांची यादी वर्षातून दोनदा प्रसिद्ध होऊ लागली आणि राष्ट्राराष्ट्रांतील चुरशीला आखाडा मिळाला. २००२ साली जपानच्या ‘अर्थ सिम्युलेटर’ने अमेरिकेला मोठ्या अंतराने मागे टाकले. तेही यंत्र पृथ्वीच्या हवामानाच्या अभ्यासासाठीच बांधलेले होते. नोव्हेंबर २०१० मध्ये चीनचा ‘त्यान्हे-१ए’ प्रथम स्थानी आला. २०१५ साली अमेरिकेने चीनच्या महासंगणक केंद्रांना इंटेलचे प्रोसेसर देण्यास मनाई केली. पुढल्याच वर्षी चीनने स्वदेशी प्रोसेसरांचा ‘सनवे ताइहुलाइट’ उभारून अग्रस्थान राखले. १९८७ च्या दिल्लीची आठवण करून देणारी ही घटना आहे. फरक इतकाच, की चीनने हृदयही स्वतःचे घडविले. पुढे २०२० साली जपानचा ‘फुगाकू’, २०२२ साली अमेरिकेचा ‘फ्रंटियर’ आणि २०२४ साली अमेरिकेचाच ‘एल कॅपिटन’ यांनी अग्रस्थान मिळविले. यांतील शेवटची दोन यंत्रे सेकंदाला एक अब्ज अब्जांहून अधिक गणनक्रिया करणारी आहेत.

भारताचा या यादीतील सर्वांत उंच क्षणही पुण्याचाच होता. नोव्हेंबर २००७ मध्ये टाटा समूहाच्या सीआरएल या संस्थेचा ‘एक’ हा महासंगणक जगात चौथा आला. या उपक्रमाच्या आरंभाशी डॉ. नरेंद्र करमरकर यांचे नाव निगडित आहे. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेल्या करमरकरांनी १९८४ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत शोधलेली गणनरीत जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मध्य भारतातील मराठी माणसाचा वाटा या इतिहासात आहे तो असा.

तथापि चौथे स्थान टिकले नाही. अशा यादीत कोणतेच स्थान टिकत नाही. २०१५ साली राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर झाले, तेव्हा ४,५०० कोटी रुपये खर्चून देशभरच्या संस्थांत सत्तरांहून अधिक यंत्रे बसविण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. एका उत्तुंग यंत्रापेक्षा अनेक हातांना काम देणारी अनेक यंत्रे, असा हा विचार होता. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे ‘परम रुद्र’ यंत्रे अर्पण झाली, त्यांतील सर्व्हर भारतात घडविलेले आहेत.

माळव्याच्या शिवारापर्यंत

त्याच दिवशी पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेला ‘अर्क’ आणि नोएडाच्या पूर्वानुमान केंद्राला ‘अरुणिका’ ही यंत्रे मिळाली. मे २०२५ मध्ये ‘भारत पूर्वानुमान प्रणाली’ कार्यान्वित झाली आणि पूर्वी १२ किलोमीटरची असलेली चौकट ६ किलोमीटरची झाली. पूर्वी जिल्ह्याच्या मापाने कळणारा पाऊस आता काही ग्रामपंचायतींच्या समूहाच्या मापाने सांगता यावा, हा त्यामागील हेतू आहे. सोयाबीनची पेरणी चार दिवस आधी करावी की नंतर, एवढ्याशा प्रश्नावर ज्याचे वर्ष अवलंबून असते, त्या शेतकऱ्याच्या लेखी यादीतील क्रमांकापेक्षा ही चौकट अधिक मोलाची आहे. १९८७ साली ज्या प्रयोजनासाठी यंत्र मागितले गेले होते, ते प्रयोजन असे चार दशकांच्या वाटचालीने शिवाराजवळ आले.

मात्र पाऊस कधी पडेल हे कळले, तरी तो साठविणे यंत्राच्या हाती नाही. देवासला १९९० साली पाण्याची गाडी आली ती केवळ अवर्षणाने नव्हे. जुनी तळी बुजली होती आणि कूपनलिकांनी जमिनीखालचे पाणी उपसले गेले होते. २००६ नंतर देवास जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी आपापल्या शेतांत हजारो तळी खोदली, त्यांना ‘रेवासागर’ असे नाव मिळाले. पुण्याच्या महासंगणकाने सांगितलेला पाऊस जिरविण्याची तयारी येथे कुदळीने झाली. या दोन्ही उद्योगांत बाहेरून आणलेल्या पाण्यावर वा यंत्रावर कायमचे विसंबून न राहण्याचा निश्चय आहे, आणि दोन्ही अद्याप पूर्ण झालेले नाहीत.