मर्ढेकरांचा संशय आणि संतांचा छंद

देवाशी भांडणे मराठी कवितेला नवे नाही. तुकोबांनी विठ्ठलाला कठोर शब्द ऐकविले, नामदेवांनी त्याच्यावर रुसवा धरला. परंतु ते भांडण अखेर घरातले होते. विटेवरची मूर्ती जागची हलली नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यावर बा. सी. मर्ढेकरांनी अभंग आणि ओवी हाती घेतली, तेव्हा मात्र ते घरच डळमळू लागले होते.

बाळ सीताराम मर्ढेकर यांचा जन्म १ डिसेंबर १९०९ रोजी खानदेशातील फैजपूर येथे झाला. उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले. परतल्यावर काही काळ त्यांनी इंग्रजीचे अध्यापन केले आणि पुढे आकाशवाणीची नोकरी पत्करली. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शिशिरागम’मध्ये विफल प्रीतीचे हळवे सूर आहेत. त्या संग्रहावरून पुढच्या मर्ढेकरांची कल्पना येणे कठीण होते.

‘शिशिरागम’ आणि १९४७ चा ‘काही कविता’ या दोन संग्रहांमध्ये दुसरे महायुद्ध, १९४३ चा बंगालचा दुष्काळ आणि हिरोशिमाचा संहार उभा आहे. पिंपात मरून पडलेले उंदीर, मुंग्यांच्या रांगेत हरवलेला माणूस, यंत्राच्या तालावर चालणारे शहर या प्रतिमांनी वाचक दचकले. ‘पंक्चर’सारख्या शब्दाचे मर्ढेकरांनी सरळ मराठी क्रियापद केले. दुर्बोधतेचा आक्षेप आला. अश्लीलतेच्या आरोपावरून खटलाही झाला. १९५२ मध्ये ते त्यातून निर्दोष सुटले.

या गदारोळात त्यांच्या कवितेतील धर्मजिज्ञासेकडे प्रथम पुरेसे लक्ष गेले नाही. माणसाचे जगणे आणि मरणे सारखेच निरर्थक झाले असेल, तर ईश्वराच्या दयेला अर्थ कोणता, हा त्यांचा प्रश्न होता. तो विचारताना त्यांनी नास्तिकाचा विजयी स्वर लावला नाही. संतांचाच छंद आणि रामदासी वळणाची शब्दकळा घेऊन त्यांनी तो प्रश्न ईश्वरापुढेच ठेवला. काही समीक्षकांना या योजनेत विडंबन दिसले, आणि काही ठिकाणी ते आहेही. परंतु आपल्या मनाचे काठिण्य भंगावे, मनातील आम्लता जावी, अशी याचना करणारी त्यांची कविता विडंबनाची खास नव्हे. ती प्रार्थनाच आहे. फक्त ती ऐकली जाईल याची हमी तिच्यापाशी नाही. संतांचे आर्जव त्यांच्यापाशी उरले होते, संतांची निश्चिती उरली नव्हती. त्यांच्या काव्यातील वेदनेचे मूळ या अंतरात आहे.

‘आणखी काही कविता’ हा संग्रह १९५१ साली आला. २० मार्च १९५६ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, महाराष्ट्रापासून दूर दिल्लीत त्यांचे निधन झाले. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या त्यांच्या ग्रंथाला त्याच वर्षीचा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

त्यांची कविता अश्रद्धांनी आपली म्हटली, तशी श्रद्धावंतांनीही म्हटली. दोघांचेही काही अंशी खरे आहे. ज्या पिढीला देवघरातून पूर्णपणे बाहेर पडता आले नाही आणि तेथे निःशंकपणे हात जोडताही आले नाहीत, तिचे मन मर्ढेकरांनी शब्दांत धरले. तुकोबांची गाथा वाचून झाल्यावर त्यांचा छोटासा संग्रह उघडणाऱ्या वाचकाला दोन्हींतला छंद ओळखीचा वाटेल, आणि मधल्या तीनशे वर्षांत काय हरवले तेही जाणवेल.