कर्ज हलवण्याचा हक्क

नाशिक रोडचं नाव निघालं की आधी नोटा आठवतात. पण इथल्याच इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये, जी 1925 साली सुरू झाली, आणखी एक कागद छापला जायचा: स्टॅम्प पेपर. घर घेताना आणि गहाण टाकताना कितीतरी कुटुंबांनी या कागदावर सह्या केल्या. आता मुद्रांक शुल्क ऑनलाइन भरता येतं, पण मूळ व्यवहार बदललेला नाही. 'होम लोन' म्हणजे घराचं गहाणच. जेल रोडवरचा किंवा उपनगरमधला फ्लॅट तुमच्या नावावर असतो, मूळ कागद मात्र बँकेच्या तिजोरीत.

प्रश्न असा, की बाजारात व्याज उतरलं तर हे गहाण महागड्या सावकाराकडून स्वस्त सावकाराकडे नेता येतं का? आज आपण त्याला 'बॅलन्स ट्रान्सफर' म्हणतो आणि मोबाइलवरून अर्जही करतो. हा हक्क मात्र फार सावकाश आपल्या हातात आला.

सुरुवात आपल्याच मुलखातली आहे. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरलं. त्यांचा रोख मुख्यतः कर्जखतांवर होता. खतं हिसकावून जाळली गेली, कारण एकदा अंगठा दिला की कितीही व्याज चढलं तरी सुटका नव्हती. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. खतावर लिहिलेल्या आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला.

पुढे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने गहाण सोडवण्याचा हक्क पक्का केला. 1929 मध्ये त्यात कलम 60-अ घातलं गेलं. पैसे फेडताना कर्जदार सावकाराला सांगू शकतो, की गहाण मला परत करण्याऐवजी मी सांगतो त्या तिसऱ्या माणसाच्या नावे कर. कर्ज हलवण्याची वाट म्हणजे जवळपास शंभर वर्षांपूर्वीच कायद्यात होती.

पण हलवणार कुठे? पगारदार माणसाला घरासाठी कर्ज देणाऱ्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बहुतेकांचं घर भविष्य निर्वाह निधी, पतपेढी आणि निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून उभं राहायचं. हसमुखभाई पारेख यांनी 1977 मध्ये एचडीएफसी स्थापन केली आणि 1988 मध्ये राष्ट्रीय आवास बँक आली, तेव्हा कुठे गृहकर्जाचा बाजार आकार घेऊ लागला. 2000 नंतर व्याजदर उतरले, सरकारी आणि खासगी बँका या धंद्यात जोरात उतरल्या आणि पहिल्यांदाच कर्जदाराला दुसरं दार दिसलं.

त्या दाराला एक कडी होती: मुदतपूर्व परतफेडीचा दंड. शिल्लक रकमेच्या साधारण दोन टक्के. 20 लाख शिल्लक असतील तर 40 हजार रुपये नुसते बाहेर पडण्यासाठी. व्याजात होणारी बचत अनेकदा तिथेच संपायची. हा दंड स्पर्धेला मारक आहे अशी तक्रार स्पर्धा आयोगाकडे गेली, पण डिसेंबर 2010 मध्ये आयोगाने बहुमताने ती फेटाळली. मग एम. दामोदरन समितीने हाच मुद्दा उचलला, की स्वस्त कर्जाकडे जाऊ पाहणाऱ्याला हा दंड अडवतो. जून 2012 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बदलत्या दराच्या गृहकर्जांवर असा दंड घेण्यास मनाई केली.

तरी एक अडचण उरलीच. 'फ्लोटिंग' दर नेमका कशाला बांधलेला, हे बँकाच ठरवत. पीएलआर, 2010 चा बेस रेट, 2016 चा एमसीएलआर, नावं बदलत गेली. रेपो दर वाढला की हप्ता लगेच वाढे, उतरला की जुन्या ग्राहकापर्यंत पोचायला वेळ लागे. 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या जनक राज अभ्यासगटानेही बँकांच्या दर ठरवण्यातल्या मनमानीवर बोट ठेवलं. अखेर 1 ऑक्टोबर 2019 पासून नवी बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधणं बँकांना सक्तीचं झालं. मे 2020 मध्ये रेपो 4 टक्क्यांवर आला. रेपोशी जोडलेल्यांचे दर उतरले, जुन्या पद्धतीवर राहिलेल्यांनी अर्ज केला नाही तर ते मागेच राहिले.

पण स्वस्त पैसा कायम राहत नाही. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो 4 वरून 6.5 टक्के झाला. हप्ता तोच ठेवून अनेकांची मुदत गुपचूप लांबली. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं, की हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारा. 2025 च्या पहिल्या सहामाहीत रेपो पुन्हा एक टक्क्याने उतरला आणि कर्ज हलवण्याचे फोन पुन्हा सुरू झाले.

अशा फोनवर 'हप्ता किती कमी होईल' एवढंच विचारू नका. 30 लाखांचं 20 वर्षांचं कर्ज, 9 टक्के व्याज, हप्ता सुमारे 27 हजार. दहा वर्षांनी सुमारे 21.3 लाख शिल्लक असतात. तिथेच राहिलात तर पुढच्या दहा वर्षांत साधारण 32.4 लाख भराल. उरलेल्या दहाच वर्षांसाठी कर्ज 7 टक्क्यांवर हलवलंत तर 29.7 लाख, म्हणजे 2.7 लाखांची बचत. पण त्याच 7 टक्क्यांवर नव्याने 20 वर्षं घेतलीत, तर हप्ता साडेसोळा हजारांवर येतो आणि एकूण भरणा 39.6 लाखांवर जातो. व्याजदर दोन टक्क्यांनी कमी, हप्ता दहा हजारांनी कमी, तरीही खिशातून सात लाख जास्त. प्रोसेसिंग फी, वकिलाचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वेगळं.

सुप्याच्या शेतकऱ्याला खतात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. आपल्याला येतं. त्यामुळे नव्या बँकेला आधी मुदत विचारा, दर नंतर. आणि हलवण्याआधी जुन्या बँकेलाही सांगा, की आम्ही निघालोय. किरकोळ शुल्क घेऊन दर कमी करायला ती तिथल्या तिथेच तयार होण्याची शक्यता असते.