मुद्रिका : खूण आणि आठवण

मराठीतील ‘मुदी’ हा अंगठीवाचक जुना शब्द संस्कृत ‘मुद्रिका’ या शब्दापासून आलेला आहे. कागदावर उमटणारी मुद्रा आणि ग्रंथांचे मुद्रण हे शब्दही त्याच कुळातले होत. बोटावरचा अलंकार, राजपत्रावरचा शिक्का आणि छापील अक्षर यांना भाषेने एकाच घरात नांदवावे, यामागे मोठा इतिहास आहे. दागिना शोभेसाठी असतो खरा; परंतु अंगठीवर तिच्या धन्याची ओळख पटविण्याचे कामही फार प्राचीन काळापासून सोपविले गेले. अशोकवनात सीतेपुढे उभ्या राहिलेल्या अनोळखी वानरावर तिचा विश्वास दृढ झाला, तो रामनामांकित मुद्रिकेमुळे. आणि परतीची खूण म्हणून तिने आपला चूडामणी त्याच्या हाती दिला.

ओळख अशी वस्तूत साठविता आली, की ती हरवू शकते आणि चोरलीही जाऊ शकते. संस्कृत नाटककारांनी हे दोन्ही धोके ओळखले होते. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त नंदांचा अमात्य राक्षस याची मुद्रा चाणक्याच्या हेराच्या हाती लागते. चाणक्य राक्षसाच्याच मित्राच्या अक्षरात एक पत्र लिहवून घेतो आणि त्यावर ती मुद्रा उठवितो. अक्षर मित्राचे, मुद्रा स्वतःची. मग ‘हे पत्र माझे नव्हे’ हे राक्षसाने कोणत्या पुराव्याने सांगावे? मुद्रा खरी असल्यामुळेच माणूस खोटा ठरतो.

कालिदासाने अंगठीला निराळे काम दिले. महाभारतातील शकुंतलेच्या कथेत अंगठी नाही. ती ‘अभिज्ञानशाकुंतला’त येते. दुर्वासाच्या शापामुळे दुष्यंताची स्मृती लोपते, अंगठी पाण्यात पडते आणि शकुंतलेजवळ दाखविण्याजोगी खूण उरत नाही. पुढे धीवराला माशाच्या पोटात सापडलेली ती अंगठी पाहताच राजाला सारे आठवते. येथे अंगठी परक्याला पटविण्याचा पुरावा एवढीच राहत नाही. ती मनातल्या हरवलेल्या नात्याची किल्ली होते. खूण आणि आठवण ही मुद्रिकेची दोन कार्ये येथे स्पष्ट वेगळी दिसतात.

राज्यकारभाराने यांतील पहिले कार्य जोपासले. शिवाजी महाराजांची संस्कृत राजमुद्रा रांझे गावच्या पाटलासंबंधीच्या 1646 च्या पत्रावर आढळते. पत्राच्या आरंभी मुख्य मुद्रा आणि मजकूर संपताच मर्यादेची मुद्रा, अशी पद्धत होती. मर्यादेच्या मुद्रेखाली कोणी नवा मजकूर घुसडू नये, हा तिचा हेतू. पत्र कोणाचे आणि ते कोठे संपते, या दोन्ही गोष्टींची ग्वाही मुद्रेनेच द्यावयाची असे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हेच काम संगणकाच्या भाषेत पुन्हा अंगठीकडे आले. मार्च 1998 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या ‘जावावन’ परिषदेत उपस्थितांना ‘जावा रिंग’ देण्यात आली. डॅलस सेमिकंडक्टर या कंपनीने घडविलेल्या पोलादी डबीत एक सूक्ष्म संगणक होता, आणि ती डबी अंगठीवर बसविलेली होती. वाचकयंत्राला अंगठी टेकविली, की धारकाची ओळख पटे आणि त्याच्या आवडीची कॉफीही मिळे. डबी फोडण्याचा प्रयत्न झाल्यास आतील गुप्त माहिती आपोआप पुसली जावी, अशी योजना होती. राक्षसाच्या मुद्रेत नेमका हाच गुण नव्हता. मात्र अंगठी न फोडता नुसती पळविली, तर चाणक्याचा डाव अजूनही खेळता येतोच. भारतात अंकीय स्वाक्षरीला माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 ने कायद्याचे पाठबळ दिले.

दुसऱ्या कार्याकडे लक्ष वळविले ते एका कारागिराने. जेन वॉलेस या ब्रिटिश दागिनेकर्त्या संशोधिकेने अंकीय दागिन्याचा विचार माणसाच्या जिव्हाळ्याच्या अंगाने केला. स्मृतिभ्रंश झालेल्या एका स्त्रीच्या आणि तिच्या पतीच्या सहवासात त्यांनी केलेले काम 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कुटुंबाची छायाचित्रे दाखविणारे एक लॉकेट होते. ओसरत्या स्मृतीसमोर ‘मी कोण’ हा प्रश्न उभा राहतो, तेव्हा कोणत्याही वाचकयंत्राला ओळख पटवून भागत नाही. येथे दागिना पुन्हा कालिदासाच्या अंगठीजवळ येतो. फरक एवढाच, की येथे शाप फिटण्याचे आश्वासन नाही.

फिनलंडमधील औरा कंपनीची 2015 मध्ये पुढे आलेली अंगठी आणि तिच्यासारख्या इतर अंगठ्या धारकाची झोप आणि नाडीचे ठोके नोंदवितात. जुन्या मुद्रेने धनी आपला ठसा जगावर उमटवीत असे. या अंगठीत धारकाच्या देहाचाच ठसा उमटतो आणि तो दूरच्या संगणकांत साठविला जातो. तो ठसा कोणी वाचावा आणि कोठे थांबावे, याचा निर्णय धारकाच्या हाती पुरता राहत नाही. पत्राच्या शेवटी मर्यादेची मुद्रा उठविणाऱ्यांना हा प्रश्न परिचित होता. अंकीय दागिन्याला अशी मर्यादा अजून लाभावयाची आहे.